नाळ कधी कापली

वैशूताई पहिल्या बाळंतपणाला पनवेलला माहेरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा केशराच्या डब्या जास्त होत्या असं मला अजून वाटतं. केशर तिच्या सासूबाईंनी दिलं होतं. त्या कामोठ्याला राहायच्या आणि आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. झोपताना केशर घातलेलं दूध प्यायलं की मूल गोरं होतं असं काकूंचं म्हणणं होतं, आणि त्या घरात काकूंचं म्हणणं मोडायची पद्धत नव्हती. बरं, त्या घरात उजळ म्हणावं असं कुणीच नव्हतं. काकू सावळ्या, त्यांचे चिरंजीव म्हणजे आमचे मंदार भाऊजी त्याहून सावळे, आणि हार घातलेल्या फोटोतले सासरे तर फोटोवाल्याने पावडर फासूनही जसे होते तसेच. तरी या मंडळींना गोरं मूल हवं होतं आणि ते दुधातून येणार होतं. काकूंचा सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला होता, हेही सांगून ठेवते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे काय काय करत असतील, या विचाराने मला अधूनमधून धास्ती वाटते.

आमचं घर तळ्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे ताईच्या तैनातीला मी मोकळी होते. आईने महिनाभर आधीपासूनच डिंक, खारीक, सुकं खोबरं, हळीव असं सगळं आणून ठेवलं होतं आणि घरभर तुपात तळलेल्या डिंकाचा वास भरून राहिला होता. दुपारी वीज जायची. पंखा थांबला की खालच्या गल्लीतल्या रिक्षांचे आवाज एकदम जवळ यायचे आणि आई खलबत्ता घेऊन बसायची, कारण मिक्सर बंद. त्या धपधप आवाजात ताई पाय पसरून जमिनीवर पडलेली असायची आणि तिला सारखी धाप लागायची. ती जिन्याच्या मध्यावर थांबायची, कठड्याला धरून उभी राहायची आणि मला म्हणायची, "रेवू, तू हो पुढे." तिचे ओठ पांढरट दिसायचे. आईला वाटायचं, उन्हाळा आहे. बाबा उरणला बंदराच्या कचेरीत नोकरीला होते, ते घरी येताना शहाळी आणायचे आणि त्यापलीकडे काही बोलायचे नाहीत.

जुन्या पनवेलात एका गल्लीत कौलारू घराला मागून दोन मजले चढवून केलेलं छोटं नर्सिंग होम होतं. त्या डॉक्टरीणबाईंना सगळं गाव नुसतं बाई म्हणायचं. केस आखूड कापलेले, पदर कमरेला खोचलेला, आणि बोलणं असं की समोरच्याला खुर्चीत सरळ बसावंसं वाटावं. पहिल्याच तपासणीत त्यांनी ताईची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली आणि विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेतेस ना?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं.

"सासूबाईंनी बंद केल्या," ताई म्हणाली. "त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं ना. त्या म्हणाल्या, बाळ पण काळं होईल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तू ऐकलंस."

"घरात वाद नको म्हणून."

"तुझ्या अंगात रक्त किती कमी आहे ते तुला माहितेय? बाळंतपणात थोडं जास्त गेलं तर तुझ्याकडे शिल्लक नाही. काळं मूल मोठं होतं, शाळेत जातं, नोकरी करतं. मेलेली आई काही करत नाही." एवढं बोलून त्यांनी गोळ्या पुन्हा चालू केल्या. पण दिवस थोडे राहिले होते आणि इतक्या दिवसांची तूट त्यात भरून निघणार नव्हती. आईने त्या संध्याकाळी पहिल्यांदा देवापुढे बसून पुटपुटत शिव्या दिल्या. मात्र काकूंचा फोन आला तेव्हा ती "हो हो, घेते ना दूध" एवढंच म्हणाली. पोरीला नांदायचंय, हे आमच्या आईचं एकमेव तत्त्वज्ञान होतं. त्या तत्त्वज्ञानाने किती बायका पांढऱ्या पडल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मधल्या एका रविवारी काकू आणि भाऊजी जेवायला आले. आईने उरणजवळच्या करंजा गावाहून येणाऱ्या कोळिणीकडून ताजे बोंबील घेतले होते. भाऊजी महाप्याला संगणकाच्या कंपनीत होते, त्यामुळे त्यांना जगातलं सगळं कळत असे. त्यांनी लॅपटॉपवर पत्रिका बनवायचा प्रोग्राम टाकून घेतला होता आणि तो त्यांनी आम्हाला जेवणाआधी दाखवला, जेवताना दाखवला आणि नंतरही दाखवला. मग मायलेकांत वाद सुरू झाला. पत्रिकेसाठी जन्माची वेळ कोणती धरायची? भाऊजी म्हणाले, डोकं बाहेर आलं की. काकू म्हणाल्या, छे, नाळ कापली की. नाळ कापेपर्यंत मूल आईचंच अंग असतं, मग त्याला स्वतःचे ग्रह कुठून येणार? हा वाद बोंबलाचे काटे काढत तासभर चालला. शेवटी काकू जिंकल्या, जशा नेहमी जिंकायच्या. ताई भिंतीला टेकून बसली होती. तासभरात तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

ताईला कळा सुरू झाल्या त्या पहाटे आणि दुपार कलली तरी ती मोकळी झाली नव्हती. आत आईला थांबू दिलं होतं, पण तिला घेरी आली. बाईंनी तिला बाहेर काढून माझ्या नावाने हाक मारली. मी गेले. भीती वाटायला वेळच नव्हता. ताईचा हात माझ्या हातात होता आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मग एकदम सगळं सुटल्यासारखं झालं आणि मुलगी बाहेर आली. बाईंनी नर्सला नुसती खूण केली, नर्सने ताईच्या मांडीत इंजेक्शन दिलं, आणि बाळ पुसून ताईच्या पोटावर पालथं ठेवून वर टॉवेल टाकला.

नाळ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. नाळ म्हणजे काहीतरी दोऱ्यासारखं असेल अशी माझी समजूत होती. ती चांगली बोटाएवढी जाड, निळसर पांढरी, पिळा घातलेली होती. आणि ती उडत होती.

"हात लाव," बाई म्हणाल्या. "हे बाळाचंच रक्त आहे, वारेकडे राहिलेलं. ते तिला मिळू दे. उडायची थांबली की कापू. आपल्याला गाडी पकडायची नाही."

मी बोट टेकवलं. मनगटावर नाडी लागते तशी ती लागत होती. इतक्या वर्षांनी माझ्या सगळ्या परीक्षांचे गुण मी विसरले आहे, पण ते बोटाला आठवतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "डॉक्टर, नाळ कापली का? वेळ सांगता का जरा?" भाऊजींचा आवाज. पुन्हा टकटक. मग काकूंचा आवाज आला, "अहो, रडणं ऐकून किती वेळ झाला, अजून कापली नाही? बाळंतिणीचं रक्त चाललंय ना सगळं बाळात."

"त्या दाराला कडी घाल," बाई मला म्हणाल्या. मी घातली.

नाळ हळूहळू चपटी पडली, पांढरी झाली, तेव्हा बाईंनी चिमटे लावून ती कापली. थोड्या वेळाने वारही आली, बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पुरी आहे म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. बाईंचा हात ताईच्या पोटावर होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते म्हणून मला कळलं. "मऊ लागतंय," त्या नर्सला म्हणाल्या, आणि मग खाली सगळं लाल झालं. बाईंनी मूठ करून ताईचं पोट दाबायला, चोळायला सुरुवात केली, दुसरं इंजेक्शन मागितलं, सलाईन जोरात सोडायला सांगितलं. ताईचा हात माझ्या हातात सैल पडला. "रेवू, थंडी वाजतेय," ती म्हणाली. तो एप्रिलचा शेवट होता आणि खोलीत पंखासुद्धा नव्हता. नर्सने बाळ माझ्या हातात कोंबलं आणि मला बाहेर ढकललं.

बाहेर भाऊजी मोबाइल हातात घेऊन उभे होते. "कधी कापली?" त्यांनी विचारलं.

"ताईला फार रक्त जातंय," मी म्हणाले.

"हो, पण कापली कधी?"

मी आजवर पुष्कळ माणसं पाहिली. लबाड पाहिली, दुष्टही पाहिली. पण त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडावर जो निष्पाप, हुशार, वाट पाहणारा भाव होता, तसा भाव मला परत कुठे भेटला नाही आणि भेटू नये. काकूंनी पुढे होऊन टॉवेलचं टोक उचललं. "मुलगी आहे," त्या म्हणाल्या. मग अजून थोडं वाकून पाहिलं. "रंग आत्ताच कळत नाही म्हणा."

बाईंनी दार अर्धवट उघडून रक्त आणायला सांगितलं. रक्तपेढीत बदली रक्त द्यायला माणूस लागेल असंही सांगितलं. भाऊजींनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. त्यांना दोन दिवसांपासून सर्दी होती. सर्दीत रक्त देणं योग्य नाही असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बाबा तोवर बाकावर बसलेले होते. ते उठले, चपला घातल्या आणि शेजारच्या दुकानदाराच्या स्कूटरवर मागे बसून गेले. त्या दिवशी त्यांनी रक्त दिलं, रक्त आणलं आणि परत येऊन त्याच बाकावर बसले. आमच्या घरात कधी कुणी बाबांचं कौतुक केलं नाही, ते इथे करून ठेवते.

दिवेलागणीला बाई बाहेर आल्या. त्यांच्या साडीला डाग होते आणि उजवा हात त्या डाव्या हाताने चोळत होत्या. आईजवळ बाकावर बसून म्हणाल्या, "थांबलंय. वाचली." आई त्यांच्या पायाशी वाकायला लागली, तशा त्या म्हणाल्या, "ते राहू दे. तिला खायला काय देणार ते सांगा."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण माणसांना नुसतं वाचणं पुरत नाही, कुणाचा तरी दोष लागतो. गोळ्या बंद कुणी केल्या हा विषय अर्थातच कामोठ्याच्या बाजूने निघाला नाही. काकूंनी एकच धरून ठेवलं, नाळ उशिरा कापली म्हणून रक्त गेलं. फोनवर सगळ्या नातेवाइकांना तेच. भाऊजींनी इंटरनेटवरून कागद छापून आणले, त्यांत परदेशातल्या इस्पितळांतही नाळ लगेच कापतात असं होतं. आणि तिसऱ्या दिवशी काकू ताईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून, बाळाकडे हनुवटी करून, अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "काय बाई ही. आल्या आल्या आईचं रक्त प्यायली."

मी हळिवाची वाटी घेऊन उभी होते. आईने मान खाली घातली. ताईने पाळण्यात पडलेल्या मुलीला उचलून स्वतःजवळ घेतलं. त्या एका वाक्याचं पुढे काय झालं असतं हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला कळेल. शाळेत नापास झाली तरी तेच, लग्न मोडलं तरी तेच, घरात कुणी आजारी पडलं तरी तेच. त्या पोरीला अजून नाव नव्हतं, पण ही ओळख तयार होती.

त्याच वेळी खाली बोलण्याचा आवाज आला. भाऊजी कामोठ्याच्या जुन्या गावातल्या एका पुढाऱ्याला घेऊन आले होते. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, मागे दोन पोरं. भाऊजींचा बेत असा होता की बाईंना जरा दम भरायचा आणि चूक झाली असं लिहून घ्यायचं. सगळी वरात ताईच्या खोलीतच आली, कारण तोवर बाई तिथे येऊन तिचं पोट तपासत होत्या.

"नाळ उशिरा कापली हे तुम्हाला मान्य आहे ना?" भाऊजींनी कागद पुढे केले.

"थांबून कापली," बाई म्हणाल्या. "मुद्दाम."

"त्यामुळेच हिचं रक्त गेलं."

"नाळेतून आईचं रक्त मुलात जात नाही. नाळेत असतं ते मुलाचंच रक्त. आईचं रक्त जातं ते वार सुटली त्या जागेतून, पिशवी आवळली नाही तर. हिची पिशवी दमली होती, पहाटेपासून कळा काढून. मूल आल्याबरोबर मी इंजेक्शन दिलं, तरी आवळली नाही. असं होतं. नाळ तिथल्या तिथे कापली असती तरी झालं असतं." मग त्यांनी चष्मा काढला. "दुसरी बाई एवढं रक्त गेलं तर अशक्त झाली असती. ही मरायला टेकली. ते का, ते तुमच्या घरात विचारा."

"म्हणजे काय?" काकू म्हणाल्या.

"मी सांगते," ताई म्हणाली.

ताईचा आवाज इतका बारीक होता की पुढाऱ्यालाही पुढे सरकावं लागलं. लग्नाआधीही ताई मोठ्यांदा बोलणारी नव्हती. कॉलेजात असताना रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी ती देऊन टाकायची. ती काकूंकडे वळली. "आई, माझ्या गोळ्या तुम्ही बंद केल्यात. मूल काळं होईल म्हणून. मी ऐकलं, कारण मला तुमची भीती वाटत होती. आता नाही वाटत. त्या दिवशी खालून सगळं वाहून जात होतं तेव्हा मला कळलं की भीती वेगळी असते." तिला धाप लागली, ती थांबली. "आणि माझ्या मुलीने माझं रक्त प्यायलं असं यापुढे कुणी म्हणालं, तर ती आणि मी त्या घरात दिसणार नाही. मंदार, तुम्हीपण ऐका. मी आत मरत होते आणि तुम्ही वेळ विचारत होतात. मला ऐकू येत होतं."

पुढाऱ्याने भाऊजींकडे वळून पाहिलं. "मना काय सांगितलंव तुमी?" तो म्हणाला. "बाईंनी बाय मारली म्हनून सांगितलंव. बाय तर जित्ती हाय, बोलतेय. माज्या दोनी पोरांचं बालंतपन यांनीच केलंय. मना कल्लं असतं तर आलो नसतो." त्याने बाईंना हात जोडले. "माफ करा, बाई. आमाला म्हायती नाय हुती." आणि पोरांना घेऊन तो जिना उतरून गेला. भाऊजी कागदांची घडी घालत उभे राहिले. ती घडी त्यांना नीट घालता येईना.

ताई सव्वा महिन्यानंतरही परतली नाही. पावसाळा सरला, अंगात रक्त भरलं, ओठ पुन्हा ओठांसारखे दिसायला लागले, तेव्हा गेली. आई रोज सांगायची, जाऊ दे, मोठं मन कर. ताई हळिवाची खीर खात नुसती ऐकून घ्यायची. कामोठ्याला गेल्यावर तिने गोळ्यांची बाटली जेवायच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर घ्यायला लागली. पुढे नोकरी धरली. काकूंनी मुलीला ते वाक्य पुन्हा ऐकवलं नाही, निदान ताईच्या कानावर येईल असं तरी. मुलीचं नाव ताईनेच ठेवलं, ईशा. बाईंचं मात्र नुकसान झालं. कामोठ्याच्या सोसायट्यांमध्ये 'त्या नाळ कापायला विसरतात' ही बातमी पक्की बसली आणि त्या बाजूच्या बायका यायच्या बंद झाल्या. पुढे गुडघे गेले म्हणून बाईंनी नर्सिंग होम बंद केलं. ताई ईशाला घेऊन दर दिवाळीला त्यांच्याकडे जायची. खोटी बातमी पसरवणारी माणसं कधी शिक्षा भोगत नाहीत, ती सुखाने जेवतात आणि त्यांचा रक्तदाब नॉर्मल असतो, हे मला त्या काळात कळलं आणि पुढच्या आयुष्यात त्याचा उपयोगच झाला.

ईशा माध्यमिक शाळेत गेली तेव्हाची गोष्ट. भाऊजींच्या चुलतबहिणीचं डोहाळजेवण कामोठ्याच्या त्याच फ्लॅटमध्ये होतं. तोवर सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले होते आणि फोनमध्ये ज्ञान येऊन पडायला लागलं होतं. भाऊजींनी चष्मा लावून सगळ्या बायकांना मोठ्याने मेसेज वाचून दाखवला. नाळ लगेच कापू नये. थांबावं. आता जगभरचे डॉक्टर हेच सांगतात, बाळाला रक्त मिळतं, अंगात लोह साठतं, अशक्तपणा येत नाही. आपल्या पूर्वजांना हे आधीपासून माहीत होतं, असंही त्यात होतं.

"आमच्या ईशाच्या वेळी थांबलेच होते," काकू त्या पुतणीला म्हणाल्या. "मी बाहेरून सांगितलंच होतं, घाई करू नका म्हणून. बघ, कशी तुकतुकीत आहे."

भाऊजींनी मान डोलावली. त्यांना खरंच तसं आठवत होतं. मला राग आला नाही, याचं मलाच नवल वाटलं. त्या दोघांकडे बघताना मला नुसती किळस आली, पायरीवर शेवाळ बघून येते तशी.

ताई सात प्रकारच्या भातांची ताटं मांडत होती. तिने एक ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि बाळंतिणीचं काय लिहिलंय त्यात?"

"अं?"

"थांबून कापली तर आईला काही त्रास होतो का, तिचं रक्त जातं का. त्याबद्दल असेल ना काही."

भाऊजींनी मेसेज वर सरकवला. मग खाली सरकवला. मग पुन्हा वर नेला. ती गरोदर मुलगी हिरव्या चुड्याचे हात मांडीत घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आईचं काही नाहीये यात," भाऊजी म्हणाले.

"मग मी सांगते," ताई म्हणाली, आणि ताटं तशीच ठेवून त्या मुलीशेजारी जाऊन बसली.